एका डब्यात किती पौंड

इंजिन बंद पडलं तेव्हा माझा नवरा विहिरीच्या तळाला बसलेला होता. त्याचा डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत दगडाखाली अडकलेला होता आणि पाणी त्याच्या मांड्यांना लागत होतं.

खरं सांगायचं तर आवाज थांबला तेव्हा पहिल्यांदा मला बरंच वाटलं. सकाळी सहापासून ते धूड डोक्यात ठोकत होतं. मग पंपाच्या नळातून पडणारी धार बारीक झाली, दोनदा चूळ भरल्यासारखी फसफसली आणि तुटली. खालून दगड फोडणाऱ्या दोघा भावांपैकी थोरल्याने वर तोंड करून विचारलं, "हवालदारसाब, बंद का केलं?"

हवालदार म्हणजे माझे सासरे. काठावर उभे होते, हातात घड्याळ.

"बंद केलं न्हाई. पडलंय," ते म्हणाले. मग घड्याळात बघून म्हणाले, "आत्ता कुठं अडीच वाजल्यात. आजून दीड तास चालाया पायजे ते."

"चालाया पायजे ते खरं," खालून आवाज आला, "पर चालत न्हाई नव्हं? पाणी चडतंय."

सासऱ्यांनी इंजिनाकडे असं पाहिलं, की जणू हुकूम न ऐकणारा शिपाईच समोर उभा आहे. आता या माणसाने दीड तासाचा आकडा कुठून आणला हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून नवऱ्याला तिथेच पाण्यात ठेवून थोडं मागे जाते. तसाही त्याला तिथे बसण्यावाचून उपाय नव्हता.

आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूचं, माळावरचं. विहीर चार पुरुष खोल आणि तळाला पाणी मांजराला पुरेल इतकंच. दुसरी लढाई चालू होती. सासऱ्यांनी सुरुंग लावून तळ फोडायचा ठरवला. दगड फोडणारे दोघे भाऊ आणले. तिसऱ्या सुरुंगाला खाली असा झरा लागला की सगळ्यांनी नारळ फोडले. दुसऱ्या दिवशी कळलं की झरा इतका जोराचा आहे, की त्या पाण्यात उतरून फुटलेला दगड बाहेर काढता येत नाही. पाणी नव्हतं म्हणून काम अडलं होतं, आता पाणी आहे म्हणून अडलं. नारळ मात्र गेले.

मोटेने उपसून ते पाणी आटण्यातलं नव्हतं. सांगलीकडे कृष्णाकाठच्या एका बागाइतदाराशी सासऱ्यांची पलटणीतली ओळख होती. त्याचं आठ घोड्यांचं तेलाचं इंजिन आणि पंप एका दिवसाच्या बोलीवर मिळाला. दोन गाड्यांवर घालून आणला. बरोबर ते चालवणारा माणूस आला, त्याला सगळे डायव्हर म्हणत. इंजिन काठावर बसवलं, पंप आत कपारीला, मधे लांब पट्टा. इंजिन आलं त्याच दिवशी सासऱ्यांनी मोटेचं चामडं चपला शिवणाऱ्याला देऊन टाकलं. म्हणाले, "आता मोटंचं दिवस गेलं." एका दिवसासाठी मागून आणलेल्या इंजिनाच्या जिवावर हे चाललं होतं.

इंजिनाला लागणारं क्रूड तेल तेव्हा परमिटवर. खेटे घालून घालून एक डबा मिळाला. चार गॅलनचा तो चौकोनी पत्र्याचा डबा, ज्यातून घासलेट यायचं आणि रिकामा झाला की घरोघर पाणी भरायला लागायचा. तेवढ्या एका डब्यात काम उरकायचं होतं. म्हणजे तो डबा किती तास पुरेल यावर सगळं होतं.

इंजिनाबरोबर एक मळका कागद होता, त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. सासऱ्यांना पलटणीतलं इंग्रजी येत होतं, म्हणजे आकडे आणि शिव्या. त्यांनी चष्मा लावून वाचलं, की हे इंजिन दर घोड्यामागे तासाला अर्धा पौंड तेल पितं.

"आट घोडी," ते म्हणाले. "तासाला चार पौंड."

"घोडी कुटं हाईत?" आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूने विचारलं. "आन तेल पित्यात व्हय?"

"तू आत जा."

मग त्यांनी कोळसा घेऊन गोठ्याच्या भिंतीवर हिशोब मांडला. एक गॅलन म्हणजे दहा पौंड. चार गॅलन म्हणजे चाळीस पौंड. तासाला चार पौंड जळतं, म्हणजे दहा तास. सकाळी सहाला सुरू केलं की दुपारी चारला डबा संपणार. खाली दोन रेघा ओढल्या.

भागाकार बरोबर होता. गुणाकारही बरोबर होता. चुकलं होतं ते पहिल्याच ओळीत, आणि त्या ओळीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. सासरे पहिल्या लढाईत मेसोपोटेमियात होते. लोक समजायचे की तिथे त्यांनी मोठा पराक्रम केला. त्यांनी तिथे दोन वर्षं खेचरांवरून पाणी वाहिलं. खेचराच्या पाठीवर किती ओझं लादायचं याचा गोऱ्या साहेबाने एक नियम शिकवला होता, एक गॅलन दहा पौंड. तिथून त्यांनी घरी आणलेल्या वस्तू दोनच, ते घड्याळ आणि हा नियम. दोन्ही दिवसातून चार वेळा बाहेर निघायच्या. दूध मोजताना, पोरांचा अभ्यास घेताना, कुणाच्या मयताला गेले तरी तिथे, "एक गॅलन म्हंजी धा पौंड." साहेबाने तो नियम पाण्याचा म्हणून सांगितला होता. सासऱ्यांनी तो गॅलनचा म्हणून पाठ केला.

माझा बाप लोणंदच्या बाजारात तोलार होता, मालाची वजनं करायचा. मी मराठी चौथी शिकले आणि पुढे मला कुणी पाठवलं नाही, पण त्याच्या काट्याशेजारी बसून एवढं कळलं होतं की पोतं तेच असलं तरी त्यात शेंगा भरल्या की एक वजन आणि गूळ भरला की दुसरं. हे कळायला शाळा लागत नाही, पोतं उचलावं लागतं. क्रूडचा तो डबा गाडीवाटेपासून विहिरीपर्यंत आदल्या संध्याकाळी मीच डोक्यावरून नेला. तसल्याच डब्याने मी तीन वर्षं पाणी वाहत होते. चार पावलं टाकली आणि माझ्या मानेला कळलं, की हा पाण्याच्या डब्याइतका जड नाही. भरलेला काठोकाठ होता, मी झाकण काढून पाहिलं.

रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, "तेलाचा डबा चाळीस पौंडाचा न्हाई. कमी भरंल."

"तुझ्या मानंला तराजू लावलाय व्हय?"

"मामंजींस्नी सांगा."

"मी? आन मग शिव्या कोण खाणार? तूच सांग की."

तो हसला आणि आडवा झाला. आणि मी तर सासऱ्यांशी बोलूच शकत नव्हते. आमच्याकडे तेव्हा सुनेने सासऱ्याच्या समोरून जायचं झालं तर पदर ओढून आणि तोंड मिटून. काही सांगायचंच असलं तर दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं आणि त्यांनी ते ऐकायचं. दुसरं कुणी नसलं तर जनावर होतं. पहाटे धार काढताना सासरे मागे कडबा टाकत होते, तेव्हा मी म्हशीला म्हटलं, "म्हशी, त्याच डब्यात पाणी घातलं तर जड, आन तेल घातलं तर हलकं लागतंय गं. मग दोनींचं चाळीसच पौंड कसं?"

सासऱ्यांनीही म्हशीलाच उत्तर दिलं. "म्हशी, गॅलन म्हंजी गॅलन. सरकारी माप हाय. त्यात पाणी घाल न्हाईतर शेण घाल, धा पौंड."

म्हैस मधे काही बोलली नाही.

डायव्हरलाही ते पटलं नव्हतं. त्याचा हिशोब वेगळा. तो पौंड जाणत नव्हता, बाटल्या जाणत होता. सकाळी टाकीत तेल ओतताना म्हणाला, "आमचं हे तासाला तीन बाटल्या पितंय, जराशी कमी. डब्यात चोवीस बाटल्या. साडेआट तास धरा."

"बाटलीचा हिशोब गुत्त्यात करायचा," सासरे म्हणाले. "कंपनीचा कागद हाय माज्याजवळ. धा तास."

"तुमचं तेल, तुमचा हिशोब," डायव्हर म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

आता मी हे सगळं सांगते आहे म्हणजे मी शहाणी होते असं नाही. दहा तासांच्या जागी साडेआठ, म्हणजे दीड तास काम कमी होईल, सासऱ्यांची थोडी जिरेल, एवढंच माझ्या मनात होतं. उलट मला तो दीड तास बघायची हौसच होती. माणूस अडकलेला असेल हे कुणाला ठाऊक?

दुपारी एकच्या सुमाराला दगड घसरला. सुरुंगाने खिळखिळी झालेली कड होती, तिचा पाटासारखा तुकडा सुटला आणि मदतीला खाली उतरलेल्या नवऱ्याच्या पायावर येऊन बसला. तो ओरडला ते इंजिनाच्या आवाजात वर ऐकूच आलं नाही. धाकटा भाऊ वर चढून सांगायला आला तेव्हा कळलं.

दोन रस्ते होते. थोरल्याने ते धाकट्याबरोबर सांगून पाठवले होते. घण घालून दगड फोडायचा, म्हणजे पाव तासात माणूस मोकळा, पण दगडाखालच्या पायाचा भुगा. नाहीतर बाजूने छिन्नीने कोरत जायचं, पहारी घालायला फट करायची आणि दगड अलगद उचलायचा. त्याला दोन तास, अडीच तास, सांगता येत नाही. पंप पाणी खाली धरून ठेवतोय तोवर हे जमेल.

सासऱ्यांनी घड्याळ काढलं. भिंतीवरचा हिशोब त्यांना तोंडपाठ होता.

"सव्वा वाजलाय. चारपत्तुर इंजिन चालतंय. पावणेतीन तास हाईत," ते म्हणाले. "सावकाश कोरा. पाय वाचवा माज्या पोराचा." आणि डायव्हरला म्हणाले, "तू जेवून घे, पड जरा. चारपत्तुर काय बघायला नगं."

डायव्हर बाभळीखाली भाकरी खाऊन झोपला. मला पदराआडून बोलायचं होतं, पण तिथे म्हैस नव्हती. खोटं कशाला बोलू, मी गप्प राहिले. मनातल्या मनात साडेआठ तास मोजले. सहापासून अडीच. आणि तरी गप्प राहिले, कारण मला वाटलं, कागदावर छापलेलं आहे, आपण चौथी शिकलेलो.

अडीचला बंद पडलं.

आता परत तिथे येते. डायव्हर उठून पळत आला. त्याने टाकीत काडी घातली, ती कोरडी वर आली.

"टाकी खडखडीत हाय, हवालदारसाब."

"गळती असंल," सासरे म्हणाले आणि वाकून इंजिनाच्या खाली माती चाचपायला लागले. "तेल गळल्याबिगर संपायचं न्हाई. सहा पौंड कुटं गेलं?"

ते खरोखर हरवलेले सहा पौंड शोधत होते. पोरगा खाली पाण्यात, आणि बाप ओणवा होऊन मातीचा वास घेतोय. मी पदर मागे टाकला आणि समोर जाऊन उभी राहिले.

"मामंजी, ते डब्यात नव्हतंच," मी म्हटलं. "तेल पाण्याहून हलकं हाय. पाण्यावर तरंगतंय ते रोज बगत न्हाई का तुमी? चार गॅलन तेल चौतीस पौंड भरतंय. तासाला चार, साडेआट तास. झालं ते संपून. उटा आता."

चौतीस हा आकडा मी तिथेच डायव्हरच्या साडेआठ तासांना चारने गुणून काढला होता. सासरे माझ्याकडे बघत राहिले. तीन वर्षांत त्यांनी माझा चेहरा पहिल्यांदाच पाहिला असावा. शिवी येईल म्हणून मी वाट बघत होते. ती आली नाही.

"मग आता?" ते मला विचारत होते.

"घरात घासलेट?" डायव्हरने विचारलं.

"अर्धी बाटली."

"गोडं तेल?"

"करडईचं हाय. घाण्यावरनं परवाच आणलंय."

"ते चालंल," तो म्हणाला. "आमच्या मालकानं टंचाईत शेंगतेल घालून चालवलंय हे. पर इंजिन गरम हाय तवर. गार झालं की गोड्या तेलाला हे भीक घालणार न्हाई. पळा."

दोन वावरं ओलांडून घर. मी पळाले. विहिरीतून नवऱ्याचा आवाज येत होता, तो मला नाही, सगळ्या जगाला शिव्या देत होता. म्हणजे तोंड अजून पाण्याच्या वर होतं.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. मी तेलाची बरणी उचलली.

"ए! कुटं नेतीस?"

"इंजिनाला."

"इंजिनाला? आता त्याला फोडणी घालताय व्हय? वर्साचं तेल हाय ते!"

"तुमचा ल्योक बुडतोय विहिरीत."

लेकावर त्यांचं प्रेम होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या उठल्या, बरणीत तांब्या बुडवून एक तांब्याभर तेल काढून घेतलं आणि मगच म्हणाल्या, "पळ, पळ गं, बगतीस काय!"

त्या तांब्याबद्दल मी त्यांना पुढे जन्मभर बोलून दाखवलं. त्यांनीही जन्मभर सांगितलं, की लेक वाचल्यावर त्याला काय कोरडं खायला घालणार होतीस?

परत आले तेव्हा डायव्हरने नळीचा एक नट सैल करून ठेवला होता. माझा पदर टाकीच्या तोंडावर धरून त्यातून तेल गाळलं. तेल नळीत आलं, पण नुसते बुडबुडे येत होते. टाकी कोरडी पडली की नळीत हवा भरते आणि ती निघाल्याशिवाय इंजिन चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. डायव्हर नटापाशी बोट धरून बसला. मी विहिरीत बघितलं. नवऱ्याचा चेहरा तेवढा वर होता. थोरला भाऊ त्याच्या मागे उभा राहून दोन्ही हातांनी त्याची हनुवटी वर धरत होता. धाकटा पाण्याखाली पहार घालून काहीतरी करत होता, दम घ्यायला वर यायचा आणि परत जायचा. ते दोघे केव्हाही वर चढून येऊ शकत होते. आले नाहीत. त्यांना आमच्याकडून मजुरीशिवाय काही येणं नव्हतं आणि आमच्या घरात त्यांना पाणीसुद्धा वरून ओतून देत. तेही सांगायला पाहिजे.

"झालं," डायव्हर म्हणाला आणि नट आवळला. "हवालदारसाब, मारा हँडल."

हँडल दोघांनी मिळून मारलं. एकदा झालं, दोनदा झालं, काही नाही. सासरे साठीच्या घरात होते, तोंड लाल झालं. तिसऱ्या वेळी इंजिन ठसकलं, काळा धूर ओकलं आणि ठोकायला लागलं. आणि त्या धुराला भज्यांचा वास. सगळ्या माळावर भज्यांचा वास सुटला. कुठून कुठून कुत्री आली आणि इंजिनाभोवती बसली.

पाणी लगेच उतरलं नाही. आधी नुसतं चढायचं थांबलं. मग नवऱ्याची हनुवटी दिसली, मग गळा. गळा मोकळा झाल्याबरोबर त्याने पहिलं वाक्य विचारलं, "आबा, चार वाजलं काय?" इंजिनाच्या आवाजात ते वर आलं नाही, खालच्या भावांनी मागून सांगितलं.

सासरे माझ्याजवळ आले. पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलले, मधे कुणी नव्हतं.

"सूनबाई, हे गोडं तेल किती गॅलन असंल?"

"गॅलन कशाला पायजे?" मी म्हटलं. "घाण्यावर तेल शेरानं तोलून देत्यात. धा शेर आणलं हुतं. एक शेर आत्याबाईंनी काडून घेतलं. ऱ्हायलं नऊ. पक्का शेर दोन पौंडाचा. अटरा पौंड. तासाला चार."

"म्हंजी साडेचार तास."

"गोडं तेल जरा जास्त जळतंय," डायव्हर मधे म्हणाला. "चार धरा. त्याच्यावर एक मिनिट धरू नगा."

वजनाने घेतलेलं तेल आणि वजनाने जळणारं इंजिन, मधे मापाची भानगडच नव्हती. चुकायला जागा राहिली नव्हती. सासऱ्यांनी मान हलवली, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तीन वाजून पाच. तू बग. सातला अर्धा तास कमी ऱ्हायला की दोर हालीव." आणि धोतर खोचून दोराने विहिरीत उतरले. घड्याळ बघायला मला येत नव्हतं, ते मी डायव्हरला विचारून घेतलं.

सव्वाचारच्या सुमाराला दगड उचलला. तीन पहारी, तीन माणसं, त्यातला एक म्हातारा. नवऱ्याला दोराच्या झोळीत घालून वर काढला. पायाची दोन बोटं दगडाखालीच राहिली होती आणि घोटा वाकडा झाला होता. हाड बसवणारा कवठ्याहून रात्री आला आणि त्याने तो आणखी वाकडा केला. नवरा गुळाचा चहा प्यायला आणि मला म्हणाला, "कसला वास येतोय गं तुझ्या पदराला? भूक लागली."

उरलेलं तेलही त्याच संध्याकाळी बाकीचा दगड काढण्यात जळलं, त्यामुळे पावसाळ्यापर्यंत आमच्याकडे फोडणी नव्हती. आमटी म्हणजे उकडलेली डाळ. सासरे ती वाटी पुसून खायचे.

पुढच्या महिन्यात, आधी घातलेल्या खेट्यांचं फळ म्हणून, परमिटचा क्रूडचा दुसरा डबा आला. सासऱ्यांनी तो गाडीतून उतरवू दिला नाही. तसाच घाण्यावर नेला, तेल्याच्या मोठ्या तराजूत घातला, मग तसलाच रिकामा डबा पाण्याने भरून तोलला. दोन्ही वेळा पत्र्याचं वजन वजा केलं. मीही बरोबर होते, त्यांनीच बोलावलं होतं. तेलाचं चौतीसच्या जरा आत भरलं. पाण्याचं चाळीस.

तेली म्हणाला, "हवालदार, हे माज्या बैलालाबी ठावं हाय."

"तुज्या बैलाला मेसोपोटेमियात धाडायला पायजे हुतं," सासरे म्हणाले. घरी येऊन त्यांनी भिंतीवरची पहिली ओळ पुसली. चूक झाली असं काही ते म्हणाले नाहीत, आणि मीही ते ऐकायला थांबले नाही. गोठा झाडायचा होता.

विहिरीला पुढे पाणी भरपूर राहिलं, तिथे काही जमीन भिजायला लागली. इंजिन बंद पडलं तेव्हा खाली तिघं होते. दगड फोडणारा थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि माझा नवरा. तिघंही जगले.